कौसाआत्याचा हौद

आमच्या गावात मुलीची सोयरीक जमवायची म्हटलं तर आधी कौसाच्या हौदावर जावं लागे. पत्रिका नंतर, बोलणी नंतर, पोराची नोकरी तर त्याच्याही नंतर. मुलीला हौदाच्या कठड्यावर बसवायचं, कौसानं तिच्या शेजारी बसायचं आणि दोघींनी पाण्यात बघायचं. मुलीच्या बापानं, चुलत्यानं लांब थांबायचं, माझ्या लिंबोणीच्या सावलीला. म्हणून हे सगळं मला घरबसल्या दिसायचं. तिचा आणि माझा बांध एकच.

हौदात गप्पी मासे. डास होऊ नयेत म्हणून दवाखान्याची माणसं डबक्यात सोडतात, तेच. बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे. त्यातल्या माद्या मळकट, अंगानं भरलेल्या. नर किरकोळ, पण शेपटीला नारिंगी, निळे, काळे ठिपके, जसा काही प्रत्येक जण वरातीला निघालाय. कौसा माद्यांना बाया म्हणायची आणि नरांना नवरदेव.

मी शिकलेला माणूस नाही. तिसरीत असताना मास्तरांनी छडी उगारली, मी पाटी तिथंच ठेवून उठलो, तो आजवर त्या शाळेची पायरी चढलो नाही. पुढं शाळेच्या नव्या खोलीला जागा माझीच गेली, तरी नाही. त्यामुळं माझं अक्षर वाकडं येतं, पण मजकूर सरळ असतो. कौसाबद्दल गावात काहीबाही बोललं जातं. कुणी म्हणतं तिला हौदात दिसायचं, कुणी म्हणतं तिचं डोकं फिरलं होतं. माझ्याइतकं तिला कुणी बघितलेलं नाही, म्हणून मी लिहितो.

कौसा गावचीच लेक. लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आतच पांढऱ्या कपाळानं परत आली. तेव्हापासून ती सगळ्या गावाची आत्या. बुटकी, काटक, चालताना डावा खांदा थोडा पुढं, जसं काही गर्दीतून वाट काढतीय. मिश्रीनं दात काळे, पण हसली की चांगली दिसायची. मला दादा म्हणायची. मी तिला कौसे म्हणायचो.

सोयरिकी जमवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बसल्या जागी ती चार गावांची खबर काढायची. कुणाचं पोरगं कामाला लागलं, कुणाच्या घरात सासू तोंडाळ, कुणाच्या शेतात पाणी आहे आणि कुणाच्या नुसतं बोलण्यात आहे, सगळं तिला ठाऊक. लग्नात मानाचा आहेर घ्यायची नाही. म्हणायची, "मला नगं. लेकरू झालं की बारशाचं निवतं तेवढं धाडा." आणि बारशाला जाऊन बाळंतिणीचं तोंड नीट निरखून यायची. पोरगी सुखात असली की परतताना रस्त्यानं मोठ्यानं बोलत यायची. नसली तर गप.

घरात तिच्याबरोबर एकच माणूस, तिच्या भावाची मुलगी रंजना. आई लहानपणी गेली, बाप कारखान्यावर असायचा, तिला वाढवली कौसानंच. गप्पी मासे हौदात आणले ते रंजीनं. शाळेत दवाखान्यातली माणसं आली होती, त्यांच्याकडून प्लास्टिकच्या पिशवीत मागून घेतले आणि पिशवी पोटाशी धरून सगळी वाट चालत आली. तेव्हा हौद बैलांना पाणी पाजायचा होता. बैल तोंड घालायचे तेव्हा मासे कोपऱ्यात गोळा व्हायचे, आणि रंजी बैलांना दटावायची.

तिला उभं राहायची एक खोड होती. एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या पंज्यावर ठेवून उभी राहायची, बगळ्यासारखी. हौदापाशी तशीच उभी राहून तासन्‌तास बघायची. कौसा हाका मारून दमायची. "आगं, त्या पान्यात काय सोनं पडलंय का?" मी बांधावरून हसायचो.

रंजी लग्नाला आली तेव्हा सोनईच्या पलीकडच्या एका वस्तीवरचं स्थळ निघालं. त्या स्थळाची काय गोष्ट सांगू. घर बागायतदार, पोरगा उंच, गोरा, बोलायला गोड. आमच्या बाजूनं जो तो त्याच्या मागं. आज ह्या गावचे पाहुणे जाऊन आले, उद्या त्या गावचे. कौसाला हे कळलं आणि ती हट्टाला पेटली. इतक्या घरांनी मागितलेलं स्थळ, ते माझ्याच पोरीला मिळालं पाहिजे. आणि तिनं ते मिळवलं. तिच्या उभ्या जन्मातली सगळ्यात अवघड सोयरीक होती ती. लग्नात ती नाचली. तिला नाचताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दुसऱ्या उन्हाळ्यात निरोप आला की रंजी सकाळी घरातून गेली ती आलीच नाही. सासरचे म्हणाले, भांडण नव्हतं, काही नव्हतं. तक्रार झाली. त्यांच्या आणि आजूबाजूच्या सगळ्या विहिरींत गळ टाकले. मी स्वतः दोरी धरून उभा होतो. काही लागलं नाही. एसटी स्टँडवर कुणी म्हणालं, हिरव्या लुगड्यातली एक बाई पहाटेच्या गाडीत बसली. कुणी म्हणालं, ती वेगळी बाई. नवऱ्यानं पुढं दुसरं लग्न केलं. गाववाले कौसाला म्हणाले, आता तिचं तेरावं घाल, मन मोकळं होईल.

कौसा म्हणाली, "कुनाचं घालू? नावानं घालायला मानूस मेलेलं लागतं."

त्या दिवसापासून तिनं दाराला कडी लावली नाही. थंडीत वारं आत शिरायचं, कुत्री शिरायची, ती उठून कुत्री हाकलायची आणि दार परत नुसतं लोटून ठेवायची. भाकरी थापताना एक जास्त थापायची. ती दुसऱ्या दिवशी चुरून हौदात जायची.

सोयरिकींचं काम तिनं सोडलं. बैल विकले. हौद मात्र कधी कोरडा पडू दिला नाही. दुष्काळाच्या साली गावाला टँकरचं पाणी होतं, तेव्हाही आपल्या वाटणीच्या हंड्यातलं हौदात ओतायची. मी म्हणालो, कौसे, माणसाला प्यायला नाही आणि तू मासोळ्यांना पाजतेस. म्हणाली, "त्या तिच्या हायत." माझी एक खेप मी तिच्या हौदात ओतली. कुणी बघितलं नाही म्हणून सांगतो.

मग ती नुसती बघत बसायला लागली. रंजी उभी राहायची त्याच जागेवर. सकाळी बसली की ऊन डोक्यावर येईपर्यंत. पहिल्यांदा मला वाटलं, गेली ही कामातून. पण काही दिवसांनी ती बांधावर येऊन मला सांगायला लागली. नवरदेव पाठ वाकवून बाईसमोर कसा थरथरतो. बाई ढुंकून बघत नाही. दुसरा येतो, त्याचा नारिंगी ठिपका मोठा, तरी नाही. आणि तिसरा कुठला तरी येतो की ती आपण होऊन त्याच्या अंगाला वळते. वळली की वळली. "दादा, ह्यात समदी खुशी बाईची हाय. नवरदेव नुसता नाचतो."

मी म्हणालो, माशांच्यात असेल. माणसांच्यात नाचतो कोण आणि वळतं कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

एकदा मला हाताला धरूनच घेऊन गेली. एक नवरदेव आजारी पडला होता, फिका, शेपूट झडलेली. बाकीचे त्याला टोचत होते, म्हणून तिनं लोणच्याच्या काचेच्या बरणीत त्याला वेगळा काढला, एकटा नको म्हणून एक बाई बरोबर घातली आणि बरणी हौदातच ठेवली. बरणीच्या काचेला बाहेरून बाया येऊन चिकटल्या होत्या. कौसा म्हणाली, "कालपत्तुर ह्याच्याकडं एक बी बघत न्हवती. आज त्याच्याजवळ एक दिसली, तर समद्यांना त्योच पायजे." मग हळू म्हणाली, "दादा, मी ह्येच केलं. चार घरांनी मागितला म्हनून मला त्यो चांगला दिसला. मी त्याला बघितलाच न्हाई. त्याच्याभवती उभ्या असलेल्या बघितल्या."

तिथून तिनं सोयरिकी पुन्हा हातात घेतल्या, पण ह्या पद्धतीनं. मुलीला पोराबद्दल काही विचारायची नाही. फोटो पदराखाली ठेवायची. हौदातली एखादी बाई दाखवायची आणि म्हणायची, सांग बाई, ही कुणाकडं जाईल? का जाईल? नाही गेली तर काय करील? तिचं म्हणणं असं, की पोरीला पोराचं विचारलं तर पोरगी आईनं शिकवलेलं बोलते, माशाचं विचारलं तर स्वतःचं बोलते. तासाभरानं उठायची, लिंबोणीखाली यायची आणि बापाला एकच शब्द सांगायची, हो किंवा नाही. कारण विचारलं तर पदर झटकायची.

लोक हसले, चिडले. एक मुलाचा बाप श्रीगोंद्याहून गाडी घेऊन आला. माझ्या पोराची पसंती मासोळ्या करणार का, म्हणून हौदापाशी तणतणला. कौसा म्हणाली, "पाव्हनं, मासोळ्या न्हाई करत. पन त्यांना निदान कुनी दटावत न्हाई." तो हौदात थुंकला. कौसानं त्याच्यादेखत घागरीनं सगळा हौद उपसला, मासे एका पातेल्यात, पाणी भाजीला, आणि हौद घासून परत भरला. तो माणूस उभा राहून बघत होता. शेवटी त्यानंच दोन घागरी ओतल्या. त्याच्या पोराचं लग्न पुढं कौसानंच जमवलं, दुसऱ्या मुलीशी.

एक पोरगी हौदावर बसली आणि मंडपवाल्याच्या पोराचं नाव सांगून उठली. घरात रडारड. कौसा त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली, चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही, ते लग्न लावूनच उठली. मंडप फुकटात पडला, असं ती नंतर सांगायची आणि काळे दात दाखवून हसायची.

पण लग्नात तिचं लक्ष लग्नाकडं नसे. अक्षता पडल्या की ती पंगतीच्या टोकाला जाऊन उभी राहायची आणि बायकांचे चेहरे बघत एकेक ओळ चालायची. नवीन बायकांना वाटायचं, आत्या वाढतंय का नाही बघतीय. जुन्या बायका माना खाली घालायच्या. शनिवारी काष्टीला जायची, तिथंही तेच. बांगड्यांच्या दुकानापासून धान्याच्या ओळीपर्यंत. परत आली की मी विचारायचो, काय आणलंस? पिशवी रिकामीच असायची.

आता माझ्या नातीचं सांगतो.

अश्विनी माझी थोरली नात. शिकली, माझ्या घरात पहिली तीच एवढी शिकली. तिला कर्जतकडून स्थळ आलं. हल्ली आमच्याकडं मुली मिळत नाहीत, पोरं तिशी ओलांडून बसलीत. तरी असलं स्थळ असलं की मुलीवालेच रांग लावतात. एकुलता एक, पुण्याला कंपनीत पर्मनंट, घरी बागायत, दारात चारचाकी. रांगेत मोठमोठी घरं होती आणि त्यांनी माझ्या घरी निरोप धाडला. मला अभिमान वाटला. का वाटू नये? साखरपुड्याचा दिवस धरला. मी कौसाला विचारलं नाही. माझ्या घरचा निर्णय मासोळ्यांनी करावा एवढा मी म्हातारा झालो नव्हतो.

अश्विनी स्वतःच गेली हौदावर. मी लिंबं तोडत होतो. दोघी नेहमीसारख्या बसल्या. कौसाचा हात पाण्यावर काहीतरी दाखवत होता. मग अश्विनी काहीतरी बोलली, आणि कौसाचा हात तसाच हवेत राहिला. किती वेळ राहिला. अश्विनी घरी निघून गेली तरी कौसा पाण्याकडं पाठ करून बसलेली. तिला हौदाकडं पाठ केलेली मी कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळच्या आत ती माझ्या ओट्यावर आली. बसली नाही. म्हणाली, "दादा, हे लगीन मोडा."

मी म्हणालो, कारण सांग. पोरगा पितो का? घरात काही आहे का?

"न्हाई. पोरात काय बी वाईट न्हाई. मी मागंच चौकशी काढली, चांगलं घर हाय."

"मग?"

"पोरीला नगंय."

मी हसलो. म्हणालो, पोरीला नको असतं तर ती बोलली असती, तिला मी काही बांधून ठेवलेली नाही. तिची आई खूश आहे, ती स्वतः साडी निवडून आली. चार घरं ज्याच्या मागं आहेत, ते स्थळ मी तुझ्या हौदापायी सोडू?

कौसा खांबाला टेकली. मग जे बोलली ते तिनं आधी कुणाला सांगितलं नव्हतं. तिच्या भावालासुद्धा नाही.

"दादा, रंजीचं लगीन ठरलं ना, त्याच्या आदल्या दिशी ती हौदापाशी उभी हुती. मी शेवया वळत हुते. मला म्हनाली, आत्या, ही बघ, नको असलं की भांडत न्हाई, नुसती तळाला जाऊन बसते. मी म्हनलं, बस म्हनावं तिला, तू आत ये, हळदीच्या बाया आल्यात." तिनं तोंडावर पदर धरला, पण रडली नाही. "आज मी तुमच्या अश्विनीला इचारलं, ही बाई कुनाकडं जाईल. ती म्हनाली, आत्या, ती कुनाकडंच न्हाई जायची. नको असलं की भांडत न्हाई, नुसती तळाला जाऊन बसते. त्योच शब्द, दादा. एक बी इकडचा तिकडं न्हाई. तिला कुनी शिकवला? तुमी सांगा, कुनी शिकवला?"

अश्विनी रंजीला ओळखतसुद्धा नव्हती. रंजी गेली तेव्हा ही जन्मायची होती.

मी म्हणालो, तू घरी जा, अंधार पडेल. ती गेली. जाताना हौदाच्या बाजूनं गेली नाही, लांबून बांधानं गेली.

साखरपुडा मी मोडला. कौसाच्या सांगण्यावरून नाही. आदल्या आठवड्यात पोराच्या मामाचा फोन आला होता, की कार्यक्रम त्यांच्याकडच्या हॉलमध्येच झाला पाहिजे. माझ्या नातीचा साखरपुडा माझ्या दारात होतो, लोकाच्या हॉलमध्ये नाही. मला राग उशिरा येतो, एवढंच. मुलानं, सुनेनं महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं. मी कुणापुढं खुलासा केला नाही. अश्विनी मात्र त्या दिवशी दुपारी ताटात दोनदा भाजी घेऊन जेवली. साडी निवडल्यापासून तिचं जेवण तुटलं होतं, हे मला तेव्हा कळलं.

त्या कर्जतच्या पोराचं लग्न झालं. दोन लेकरं आहेत, बायको सुखात आहे. मी मुद्दाम चौकशी केली आणि कौसाला जाऊन सांगितलं, बघ, काय वाईट होतं त्याच्यात? ती भाकरी चुरत होती. म्हणाली, "चांगलं झालं. तिला त्यो पसंत असंल."

अश्विनीनं पुढं स्वतःच सांगितलं. तिच्याबरोबर नगरला लॅबमध्ये काम करणारा मुलगा. दिसायला साधा, बोलायला कमी. त्याच्या मागं कुणी नव्हतं. मी सहा महिने हो म्हणालो नाही आणि मग म्हणालो. गेल्या साली लग्न झालं, माझ्या दारात. कौसा पंगतीच्या टोकाला उभी होतीच. एकेक ओळ चालत आली, बायकांचे चेहरे बघत. शेवटी अश्विनीपाशी आली. तिची हनुवटी धरून उजेडाकडं वळवली आणि इतका वेळ बघितलं की फोटोवाला खोळंबला. मग म्हणाली, "न्हाई, ही तळाची न्हाई." आणि जाऊन जेवायला बसली. रंजी गेल्यापासून लग्नाच्या पंगतीत तिला जेवताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तिला शेवटची नीट पाहिली ती काष्टीच्या बाजारात, त्याच्या पुढच्या थंडीत. मी लिंबं घेऊन गेलो होतो. धान्याच्या ओळीच्या शेवटी कौसा उभी. तिचा डावा खांदा नेहमीसारखा पुढं नव्हता. सगळं अंग थिजलेलं, हौदावर बसायची तशी. ती बघत होती तिकडं मी बघितलं.

गुळाच्या गाड्यापाशी एक बाई पाठमोरी उभी होती. चाळिशी ओलांडलेली, अंगानं भरलेली, साधं पातळ, हातात पिशवी. भाव करत होती. आणि एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या पंज्यावर ठेवून उभी होती.

कौसाचा हात वर झाला होता, हाक मारायला करतात तसा. तोंड उघडं होतं. हात तसाच राहिला. त्या बाईनं गूळ घेतला, पिशवीत टाकला, वळली ती दुसऱ्या बाजूनं आणि टेम्पोंच्या गर्दीत गेली. तोंड दिसलं नाही. मलाही नाही.

मी कौसाचं कोपर धरलं. म्हणालो, कौसे, हाक का नाही मारलीस? मी मारली असती.

ती लांब बघत होती. म्हणाली, "मारली आन् तीच असली, तर तळाला जाईल. नसली, तर दर शनवारी मी कुठं जाऊ?"

फाल्गुनात ती गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. हौदावर आता सोयरिकी ठरत नाहीत, मुलींची कामं मोबाईलवर होतात. पाणी मी भरतो, माझ्या बागेच्या पाईपला तिकडं तोंड आहे म्हणून. सावली पडली की मासे कोपऱ्यात गोळा होतात, आणि एखादी तळाला जाते.

शनिवारी मी काष्टीला जातो. लिंबं असतात म्हणून जातो. मी कुणाला शोधायला जात नाही, तसं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. पण धान्याच्या ओळीच्या शेवटी एखादी बाई पाठमोरी उभी असली, तर मी तिच्या पायांकडं बघतो. आणि हाक मारत नाही.